कमजोर हृदयाला बीटा ब्लॉकर कशाला?

वर विचारलंय की हृदय आधीच कमजोर, मग ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर गोळी कशाला. आमच्या आण्णांना ती लागली तेव्हा मीपण असाच घाबरलो होतो. होतं काय, पंपिंग कमी पडलं की शरीर ताणाचं संप्रेरक नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडत राहतं, सुरुवातीला त्यानं जोर येतो पण सततच्या माऱ्यानं पेशी आपले बीटा-१ रिसेप्टरच (ते संप्रेरक पकडणारे ग्राहक) कमी करतात, कॅल्शियमचं गणित बिघडतं, पेशी मरायला लागतात. गोळी तो मारा अडवते. १९९९ च्या दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले. फक्त डोस अगदी थोड्यापासून, कार्वेडिलॉल (यातलीच एक गोळी) असेल तर ३.१२५ मिलिग्रॅम, मग हळूहळू वाढवत, आणि मनानं बंद अजिबात करायची नाही. आण्णा आधी रंकाळ्यावर चार पावलं टाकून कठड्यावर बसायचे, आता अर्धी फेरी मारतात.