स्कॉर्पिओला ऑल-टेरेन टायर कुठले? रोज वाळपई-पणजी, सुट्टीला कुळागर

कुळागरी:
नमस्कार मंडळी. गाडी स्कॉर्पिओ, टू-व्हील ड्राइव्ह, साइझ २३५/६५ आर १७. टायर गोटे होत आलेत. खोबणीतल्या उंचवट्यांना रबर टेकलं, म्हणजे आता चालढकल नाही. रोज वाळपई ते पणजी, अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव आणि सुट्टीला सत्तरी तालुक्यातल्याच आमच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत). तिथला शेवटचा तुकडा कच्चा आहे. आधी चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) तुकडे टाकलेले, मग तांबडी माती, एक व्हाळ (ओढा) आणि उतार. पावसात गाडी वर ठेवून चालत उतरतो, वर येताना डोक्यावर नारळाचं पोतं. दुकानदार म्हणतो मड-टेरेन (चिखलाचे) घाला, लूक येतो. धाकटा भाऊ म्हणतो २५५ घालूया. मला ऑल-टेरेन बरे वाटतात. चवथीच्या आधी काम उरकायचंय. सुचवा.

साखळीकर:
मड-टेरेन मनातून काढून टाका. हॉटमिक्सच्या डांबरी रस्त्यावर घोंघावतात, डिझेल जास्त पितात आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारला की पोटात गोळा येतो. लूक दुकानदाराच्या गाडीला येऊ दे.

दुसरा_गियर:
कुळागरी बाब, तुमचा प्रश्न खरं तर दोन प्रश्नांचा आहे. चिखलाचा वेगळा आणि डांबराचा वेगळा.

डांबराचं आधी, कारण गाडी बहुतेक वेळ तिथेच असते. ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन, टायरचे गट्टे मोठे आणि मधल्या फटी रुंद. चिखल त्या फटींतून बाहेर फेकला जातो, हा त्यांचा गुण. पण ओल्या डांबराला धरून ठेवतात ते गट्ट्यांवरचे बारीक काप आणि मऊ रबर. कणखर ए/टीमध्ये हे दोन्ही कमी असतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा मिळत नाही, त्यात डिचोली-साखळी पट्ट्यात ट्रकांनी सांडलेली माती. पहिल्या सरीत तिचा साबण होतो. म्हणून कापांची नक्षी दाट असलेला सौम्य ए/टी बघा.

नावं घेताना सावध. एकाच नावाखाली तीन-चार प्रकार येतात. योकोहामाच्या जिओलँडरमध्ये जी०१५ हा ए/टी, जी०५६ हा एच/टी (हायवेचा, डांबरासाठी), जी००३ हा एम/टी (मड-टेरेन). एमआरएफच्या वाँडररचंही तसंच, सगळे वाँडरर ए/टी नसतात. अपोलोचा अपटेरा एटी२ हाही बघण्यासारखा. जी०१५ च्या बाजूवर डोंगर आणि हिमकण कोरलेला दिसेल. ती बर्फातल्या चाचणीची खूण. वाळपईत तिचा उपयोग शून्य, तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता चिखल. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते आणि डिकी रिकामी असली की मागचा भार हलका. ओल्या चिकट तांबड्या मातीत चढ असेल तर कुठलाही ए/टी थोडीच मदत करतो. कमी वेगात फटींतली माती सुटत नाही, टायर गुळगुळीत लाडू होऊन बसतो. त्यापेक्षा पावसाआधी उतारावर एक टिपर खडी आणा आणि फक्त दोन चाकोऱ्यांत दाबून घाला, शेजारून पाण्याला चर काढा. नुसत्या टायरांनी जे होणार नाही ते या खडीने होईल. वर येताना नारळाचं पोतं डोक्यावर न घेता डिकीत टाका, मागच्या चाकांना वजन मिळेल!

फोंड्याची_बाय:
दुसरा_गियर यांचं पटलं, पण मग दादा, ए/टी हवेच कशाला? मी रोज फोंडा-वेर्णा करते, एच/टी टायरांवर. शांत चालतात, पावसात ब्रेक नीट लागतो. खडी टाकलीत की कुळागरालाही एच/टी पुरतील. ए/टीचा आवाज पहिल्या वर्षी कळत नाही, नक्षी झिजली की कळतो.

दुसरा_गियर:
मातीपुरतं तुमचं बरोबर. मी ए/टीकडे झुकतो ते त्या चिऱ्यांच्या तुकड्यांमुळे. जांभ्याची ताजी कड धारदार असते, चाक घसरून कडेला घासलं की साइडवॉल (टायरची बाजू) चिरते. नक्षीतलं पंक्चर आतून पॅच लावून निभतं, साइडवॉलला काप गेला तर टायर बाद. ए/टीची नक्षी खांद्यापर्यंत उतरलेली असते, तिथे थोडं जास्त रबर मिळतं. थोडंच हं, चिलखत नव्हे. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले टायर आणखी दणकट, पण जड आणि कडक. त्यांना हवाही वेगळ्या हिशेबाने लागते. रोजच्या पणजीला ते नकोत.

भाऊ_२५५वाला:
धाकटा भाऊ मीच 😄 २५५/६५ आर १७ घातले तर काय बिघडेल? गाडी उंच दिसते.

साखळीकर:
हिशेब कर. २३५/६५ आर १७ ची उंची सुमारे ७३७ मिलिमीटर, २५५/६५ ची ७६३. साडेतीन टक्के फरक. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ च्या वर असेल. उंची वाढते ती निम्मीच, म्हणजे जेमतेम १३ मिलिमीटर. तेवढ्यासाठी पिकअप जड होतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासण्याची भीती. वर विमा आणि वॉरंटीवाल्यांना बोट ठेवायला जागा. कंपनीचाच साइझ ठेवा.

आणि साइझनंतरचा आकडा बघा. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. त्याखालचा घेऊ नका, स्वस्त मिळाला तरी. पुढच्या अक्षरात एस म्हणजे ताशी १८० पर्यंत, टी १९०, एच २१०. कंपनीच्या टायरवर जे अक्षर आहे त्याच्या खाली उतरायचं नाही.

बेळगाव_फेरी:
किमतीचं बोलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, जुनी किंमत कोणी सांगत असेल तर बिल मागा. म्हापसा, मडगाव आणि बेळगाव, तिन्हीकडे फोन करून भाव काढा. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून. आणि तारीख बघितल्याशिवाय चढवू देऊ नका. टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे: ३८२५ म्हणजे २०२५ चा ३८ वा आठवडा. ही पूर्ण ओळ कधी कधी एकाच बाजूला असते, म्हणून टायर उलटून बघायचा. परदेशी टायर असेल तर जास्तच. जून २०२० पासून आयातीला परवाना लागतो, त्यामुळे कोपऱ्यात पडून राहिलेला माल पुढे केला जाऊ शकतो.

कुळागरी:
सगळ्यांचे आभार. खडीचं डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या बाबांना मात्र ते पहिल्यापासून पटलेलं, त्यांचं ऐकतो कोण! आता ठरतंय असं: साइझ तोच, सौम्य ए/टी. पण चारही एकदम झेपणार नाहीत. दोन आता, दोन दिवाळीनंतर, चालेल का? आणि ते दोन पुढे घालू ना? स्टिअरिंग पुढेच असतं.

दुसरा_गियर:
पुढे नको, नवे मागेच. पावसात पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडून सावरता येते. मागची सरकली तर गाडी गर्रकन फिरते, चोर्लाच्या वळणावर सावरायला जागा नसते. फक्त एक: मागे ए/टी आणि पुढे झिजलेले एच/टी घेऊन हा पावसाळा काढायचा नाही. चवथीला हात आखडता असेल तर चारही हप्त्यांवर घ्या, नाहीतर दोन्ही जोड्या एच/टी घेऊन मोकळे व्हा. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी असती तर दोन-दोनचा विषयच काढू दिला नसता, तिथे चारही टायर एकाच झिजेचे लागतात.

फोंड्याची_बाय:
बघा, एच/टी आले की नाही शेवटी!

कुळागरी:
हप्ते बघतो बाय 🙂 जुन्या चारांतला एक स्टेपनीला ठेवू का? आताची स्टेपनी गाडीबरोबर आलेली, कधी वापरलीच नाही.

साखळीकर:
न वापरलेली असली तरी रबराचं वय झालंय. आधी तिची तारीख वाच, सहा वर्षांवर असेल तर तीही बदल. आणि तिच्यात हवा किती ते आजच बघ.