स्वित्झर्लंडची लढाऊ विमाने: गरज की हौस?

आरेकाठ (धागाकर्ता)

स्वित्झर्लंडमधल्या माइरिंगेनच्या खोऱ्यात मागच्या शरदात एक दिवस घालवला. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मध्ये हिरवी कुरणे आणि त्या कुरणांतून गेलेली धावपट्टी. कड्याच्या पोटात कोरलेल्या बोगद्यातून एक करडे एफ/ए-१८ हॉर्नेट लढाऊ विमान सावकाश बाहेर आले. कुंपणापलीकडच्या गाईंनी मानही वर केली नाही. पण ते वर गेल्यानंतर कड्यांवरून परतणारा आवाज विरेपर्यंत शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी एक शब्द बोलता आला नाही. नऊ वर्षे बर्नमध्ये राहून जो प्रश्न मी टाळत आलो, तो त्या दिवशी पुन्हा समोर आला: या देशाला लढाऊ विमाने नेमकी कशासाठी हवी आहेत?

देशाचा आकार महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा आहे आणि पूर्व-पश्चिम लांबी साधारण ३५० किलोमीटर. भोवती ऑस्ट्रिया आणि चिमुकला लिश्टेनश्टाइन सोडले, तर सगळे नाटोचे सदस्य. तरीही २०२१ मध्ये सरकारने ३६ अमेरिकी एफ-३५ए विमानांची निवड केली. त्याआधी, मे २०१४ मध्ये, २२ ग्रिपेन विमानांचा प्रस्ताव जनतेने ५३.४ टक्के मतांनी फेटाळला होता. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा मतदान झाले, पण या वेळी मतपत्रिकेवर विमानाचे नाव नव्हते, फक्त ६ अब्ज फ्रँकची मर्यादा होती. तो प्रस्ताव ५०.१ टक्क्यांनी, म्हणजे सगळ्या देशात मिळून ८,६७० मतांच्या फरकाने मंजूर झाला. पुढे एफ-३५ विरोधात एक लाखाहून अधिक सह्या गोळा झाल्या, परंतु त्यावर मतदान होण्याआधीच सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने करारावर सही केली. थेट लोकशाहीचे कौतुक आपण भारतात शाळेपासून ऐकतो, म्हणून ही गोष्ट मला अधिक खटकते.

माझे मत असे आहे की आकाशातली पोलिसगिरी करायला यापेक्षा साधी आणि कमी विमाने पुरली असती.

ओझरकर

मी विमानांच्या देखभालीत आयुष्य काढले आहे, उडवण्यात नाही, त्यामुळे माझे म्हणणे हँगरच्या बाजूने आहे असे समजा. "कमी विमाने पुरतील" हे वाक्य नेहमी तोच बोलतो ज्याने फ्लाइट लाइनवर (उड्डाणाआधी विमाने उभी असतात त्या जागी) सकाळी सहा वाजता किती विमाने खरोखर उडायला तयार आहेत हे मोजलेले नाही. कागदावर दहा विमाने असतील, तर तीन-चार मोठ्या सर्व्हिसिंगमध्ये असतात, एखादे स्पेअरची वाट पाहत उभे असते, दोन-तीन नव्या वैमानिकांच्या सरावाला जातात, आणि उरतात त्यांवर चोवीस तासांचा पहारा चालवायचा असतो. शांततेत दोन विमाने सज्ज ठेवणे जमून जाते. तणावाच्या काळात मात्र काही आठवडे अखंड जोड्या हवेत ठेवायच्या म्हटल्या, की तीस-छत्तीसचा आकडा हौशीचा वाटेनासा होतो.

हॉर्नेटबद्दलही थोडे. १९९०च्या दशकात ३४ घेतली, त्यांतली चार अपघातांत गेली आणि ३० उरली. २०१८ मध्ये एका विमानाच्या फ्लॅपच्या बिजागरीत तडा सापडला, तेव्हा सगळा ताफा तपासावा लागला. त्यांचे आयुष्य ५,००० वरून ६,००० उड्डाणतासांपर्यंत वाढवण्याचे काम करावे लागले, याचाच अर्थ धातू थकला आहे. ताफ्यातले दुसरे जुने विमान, टायगर एफ-५, तर रात्री आणि खराब हवामानात पहाऱ्याच्या उपयोगाचे नाही, ते हवाई कसरतींत शोभते.

आणि फेब्रुवारी २०१४ विसरू नका. अदिस अबाबाहून रोमकडे निघालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान सहवैमानिकानेच पळवले. कप्तान स्वच्छतागृहात गेला असताना त्याने कॉकपिटचा दरवाजा आतून लावून घेतला आणि पहाटे विमान जिनिव्हाला उतरवले. सोबत आली ती इटालियन आणि फ्रेंच लढाऊ विमाने. स्विस हवाई दलाचे कामकाज तेव्हा सकाळी आठला सुरू होत असे आणि मध्ये जेवणाची सुट्टीही असे! तटस्थ राष्ट्राचे आकाश शेजाऱ्यांनी राखायचे, मग ती तटस्थता कसली?

आरेकाठ

ओझरकरकाका, उदाहरण अचूक आहे, पण ते माझ्या बाजूचे आहे. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडकडे तीसहून अधिक हॉर्नेट होती. विमाने बोगद्यात उभी होती. नव्हती ती माणसे आणि त्यांच्या पाळ्यांसाठीचा पैसा. त्या घटनेनंतर पाळ्या टप्प्याटप्प्याने वाढवल्या आणि २०२० च्या अखेरीपासून दोन सशस्त्र विमाने पंधरा मिनिटांत उडण्याच्या तयारीत अहोरात्र असतात, आणि हे सारे त्याच जुन्या हॉर्नेटवर साधले आहे. रोग वेळापत्रकाचा होता, औषध मात्र विमान बदलण्याचे सांगितले जात आहे.

हिशेबनीस

मी पैशांपुरतेच बोलतो. निवडीच्या वेळी सांगितले गेले की खरेदी आणि तीस वर्षांचा वापर धरून सुमारे १५.५ अब्ज फ्रँक लागतील, आणि हा खर्च स्पर्धेतल्या पुढच्या विमानाहून २ अब्जांनी कमी आहे. त्याहून ठळकपणे सांगितले गेले की किंमत पक्की आहे. जून २०२५ मध्ये उघड झाले की अमेरिकेच्या मते "पक्की किंमत" हा गैरसमज होता आणि आणखी साधारण ६५ ते १३० कोटी डॉलर लागू शकतील. त्यानंतर ऑगस्टमध्ये त्याच अमेरिकेने स्विस मालावर ३९ टक्के आयातशुल्क लावले. वाणसामानाच्या दुकानातही वजन करून झाल्यावर भाव बदलला तर आपण पिशवी खाली ठेवतो. इथे पिशवी ठेवण्याची सोयच उरलेली नाही.

सह्यकडा

चर्चा विमानांच्या संख्येवर अडकली आहे, म्हणून थोडा इतिहास. तटस्थ राष्ट्राने आपल्या भूमीचा वापर युद्ध करणाऱ्यांना करू देऊ नये, हे १९०७ च्या हेग करारातले बंधन आहे, आणि ते आकाशापुरते पाळायचे तर विमाने लागतातच. मे आणि जून १९४० मध्ये जर्मन विमाने स्विस हद्दीत शिरली, तेव्हा स्विस वैमानिकांनी त्यांतली अनेक पाडली. गंमत म्हणजे ती पाडणारी मेसरश्मिट १०९ विमाने स्वित्झर्लंडने जर्मनीकडूनच विकत घेतलेली होती. परदेशी विमान घेतले की स्वातंत्र्य गहाण पडते, असे कोणी म्हणाले, तर त्याला मला यापेक्षा चांगले उत्तर सुचत नाही.

आरेकाठ

ही गोष्ट अर्ध्यावर सोडू नये. जर्मनीने धमकावल्यावर त्याच जून महिन्यात स्विस सरसेनापती जनरल गिझाँ यांनी वैमानिकांना झुंज टाळण्याचा आदेश दिला. विमाने होती, शौर्य होते, पण निर्णय शेजाऱ्याच्या ताकदीकडे पाहून घ्यावा लागला. शिवाय १९४० चे मेसरश्मिट हे इंजिन, पंख आणि बंदुका यांचे यंत्र होते, ते कुशल कारागिराच्या हातात चालत राहिले. एफ-३५ ला सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती, सुटे भाग आणि क्षेपणास्त्रे या तिन्हींसाठी वर्षानुवर्षे एकाच देशाकडे पाहावे लागणार आहे. राफाल आणि युरोफायटरही स्पर्धेत होती. भारतानेही २०१६ मध्ये ३६ राफालच घेतली. तो व्यवहार स्वस्त नव्हता आणि वादातीत तर मुळीच नव्हता, पण पुरवठादार एकच असू नये हा विचार त्यामागे निदान दिसतो.

ओझरकर

पाळ्यांचा मुद्दा मान्य, त्यावर मी घाईने बोललो. किमतीबाबतही हिशेबनीस यांच्याशी वाद नाही. करारातले "पक्के" हे विशेषण दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने कळले आहे का, हे सहीआधी तपासायला हवे होते. पण एक व्यावहारिक अडचण तुम्ही कोणीच उचलली नाही. १९६४ मध्ये मिराज विमानांचा खर्च असाच फुगला, तेव्हा शंभराऐवजी ५७ घेतली आणि लष्करी विभागाचे मंत्री शोडे यांची कारकीर्द त्यात संपली. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने ठरवले की मंजूर ६ अब्जांत बसतील तेवढीच विमाने घ्यायची, म्हणजे ३६ चा आकडा खाली येणार. विमाने कमी झाली म्हणून धावपट्ट्या, बोगदे, सिम्युलेटर आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण त्या प्रमाणात कमी होत नाही. तो सगळा खर्च उरलेल्या विमानांवर पडतो.

आरेकाठ

मग या खरेदीचा बचाव तरी कसा करायचा? तीस-छत्तीस नसतील तर अखंड पहारा जमत नाही, हे तुमचेच गणित आहे. पैसे तेवढेच आणि विमाने कमी, म्हणजे ज्या कामासाठी ही विमाने घेतली ते काम तरी पुरे होणार का, याचे उत्तर मला हँगरच्या बाजूनेच हवे आहे.

ओझरकर

शांततेत होईल. तणावात दोन जोड्यांऐवजी एक जोडी हवेत राहील, आणि दुसरी कधी उडवायची हे रोज सकाळी ठरवावे लागेल.