शहर वर, नदी खाली: मधला उतार कसा जोडायचा?

दरीकाठ:
वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. शहराचा मध्यभाग पठारावर, नदी २५ मीटर खाली, मधे गच्च झाडीचा उतार. आज खाली जायला फक्त जिना. मार्गदर्शक म्हणतात रॅम्प दाखव. मला फ्युनिक्युलर द्यावीशी वाटतेय, म्हणजे उतारावर रुळांवरून वर-खाली जाणारा डबा. उगाच थाट वाटेल का?

नागमोडी:
मी व्हीलचेअर वापरते, त्यामुळे माझा पहिला हिशेब रॅम्पचाच. १:१२ धरा, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी: २५ मीटरला ३०० मीटर. दर ९ मीटरला दीड मीटरचा सपाट टप्पा दिलात की साडेतीनशे. मार्गदर्शकांना एकदा स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत चढायला सांगा! शिवाय एवढी वळणं बसवायची तर जी झाडी बघायला लोक येणार, तीच तोडावी लागेल.

कॅनडात एडमंटनला डिसेंबर २०१७ मध्ये डाउनटाउनच्या टोकाशी फ्युनिक्युलर सुरू झाली. तिकीट नाही. शेजारीच रुंद जिना आहे, लोक त्यावर निवांत बसतातही. पण मला खरी हुशारी पुढे दिसते. उतार आणि नदी यांच्यामधे वाहनांचा रस्ता आहे, तो पादचारी पुलाने ओलांडलाय आणि पुलाच्या टोकाला नदीकाठच्या वाटेवर उतरायला लिफ्ट आहे. तुमच्या नकाशात उताराच्या पायथ्याशी काय आहे? बहुतेक शहरांत तिथे रस्ता असतो, आणि नदी तुटते ती तिथे.

कातळवेडा:
भूगर्भाचं बघितलंत का? वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी पायथा पोखरते, वरून पावसाचं पाणी मुरतं, आणि उतार हळूहळू सरकतो. रुळांना थोडंही सरकणं चालत नाही. बोअरहोलची, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून तपासलेल्या माती-खडकाची माहिती मिळवा, मगच जागा ठरवा.

दरीकाठ:
पायथ्याशी चौपदरी रस्ता आहे. नकाशात तो मी फिकट करून टाकला होता 🙂 आणि डबा बंद पडला तर?

नागमोडी:
पडणारच, विशेषतः थंडीत. म्हणून खाली व्हीलचेअर चढेल अशा बसचा थांबा द्या आणि डबा बंद असल्याची पाटी वरच्या चौकात लावा, डब्याच्या दाराशी नको. देखभालीचा वार्षिक खर्चही मांडा. परीक्षक तोच विचारतील.