पेत्राचं उत्तर लसीला लागू होत नाही

काही जण म्हणतात की येशूचा शिष्य पेत्र याने यहुद्यांच्या न्यायसभेला ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ असं ठणकावलं (प्रेषितांची कृत्ये ५:२९), म्हणून साथीतले लसीसारखे सरकारी आदेशही ख्रिस्ती माणसाने झुगारावेत. मला हे अजिबात पटत नाही. पेत्राला येशूच्या नावाने शिकवायलाच मनाई होती. लस घ्या म्हणणारा अधिकारी कुणाला प्रभूचं नाव टाकायला सांगत नाही.

लस नाकारणाऱ्यांमध्ये पाळकही होते. अमेरिकेत केंब्रिजला १९०२ मध्ये देवीची साथ असताना लुथरन पाळक हेनिंग जेकबसन यांनी लस नाकारली. लहानपणी लसीने फार त्रास झाला होता, मुलालाही झाला होता. ही भीती खरीच, तिची चेष्टा करू नये. ५ डॉलर दंड झाला, आणि १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. मात्र तिथे त्यांचा भर व्यक्तिस्वातंत्र्यावर होता, बायबलवर नव्हता.

लुथरन पंथ ज्याच्या नावाचा, तो जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर खुद्द १५२७ च्या प्लेगमध्ये विटेनबर्ग न सोडता आजाऱ्यांची सेवा करत राहिला. पण त्याच काळात त्याने लिहिलं की मी घराला धुरी देईन, औषध घेईन, आणि माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे कुणी मरायला नको.

उपासनेवरच्या बंधनांचं मात्र वेगळं आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात २०२० मध्ये कोविडच्या काळात कसिनोंना निम्म्या क्षमतेची मुभा आणि चर्चमध्ये फक्त ५० माणसं! तिथे चर्च कोर्टात गेलं ते योग्यच केलं.