पासवर्ड बरोबर होता, तरी लॉगिन होईना

आज टीममधली नवी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, चार वेळा तपासून टाकला पासवर्ड, तरी सर्व्हर नाहीच म्हणतोय." आणि माझं जुनं सगळं वर आलं.

माझ्या वेळी केर्बेरॉस होतं, म्हणजे पासवर्ड एकदा टाकून मिळालेलं तिकीट दाखवून पुढे लॉगिन करायची पद्धत. विंडोजच्या मशीनवर किनिट (तिकीट मिळवायची कमांड) केलं, पासवर्ड निमूट घेतला. केलिस्टमध्ये (तिकिटांची यादी दाखवणारी कमांड) तिकीट दिसत होतं. सर्व्हरशी जोडणारा क्लायंट प्रोग्रॅम उघडला की मात्र 'क्रेडेन्शियल सापडत नाहीत'. आधी घड्याळ पाहिलं, कारण दोन्हीकडच्या वेळेत 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस सहसा नकार देतं. घड्याळ ठीक. मग अकाउंट रीसेट केलं, कीटॅब (अकाउंटच्या किल्ल्यांची फाइल) नवी केली, दोन दिवस त्यातच गेले. शेवटी 'व्हेअर किनिट' टाइप केलं, म्हणजे ही कमांड मशीनवर कुठे कुठे आहे ते विचारलं, तर दोन ओळी आल्या. एक जेडीकेच्या (जावाच्या साधनसंचाच्या) बिन फोल्डरमधली, दुसरी एमआयटीच्या केर्बेरॉसची. पाथमध्ये, म्हणजे कमांड ज्या क्रमाने फोल्डरांत शोधली जाते त्या यादीत, जेडीके आधी! जावाचं किनिट तिकीट ठेवत होतं होम फोल्डरमधल्या फाइलीत आणि आमचा क्लायंट एमआयटीची लायब्ररी वापरून ते मेमरीतल्या कॅशेत शोधत होता. केलिस्टही जावाचंच चालत होतं, म्हणून मला तिकीट दिसायचं. पाथचा क्रम बदलला आणि लगेच चालू झालं.

त्या दोन दिवसांत 'पासवर्ड नीट टाकत नाही' असा शेरा माझ्या नावावर पडला. तो अजून टोचतो. पासवर्ड बरोबर असून भलत्याच लायब्ररीमुळे किंवा आवृत्तीमुळे लॉगिन अडलं, असं तुमचंही काही झालं असेल तर लिहा.

—

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस 14. अपग्रेडनंतर आठवडाभर सगळं छान. एकाने पासवर्ड बदलला आणि ॲप मेलं. पासवर्ड जुनाच परत टाकला तरी मेलेलंच. कारण 14 पासून नवा टाकलेला पासवर्ड आपोआप स्क्रॅम या नव्या पद्धतीने साठवला जातो, आधीचे जुन्या एमडीफाइव्ह पद्धतीचे तसेच राहतात. आमच्या ॲपच्या फोल्डरात कुणीतरी पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी, लिबपीक्यू, 9.6 ठेवलेली, तिला स्क्रॅम येतच नाही. ते लिबपीक्यू 10 मध्ये आलं. मशीनवरची लिबपीक्यू नवी होती, त्यामुळे पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसचं कमांड-लाइन साधन) लॉगिन व्हायचं आणि सगळे म्हणायचे डेटाबेस तर ठीक आहे! रीसेट करून करून आम्हीच एकेक युजर बाद करत होतो. बाकी नंतर लिहितो, कॉल आलाय.

—

ताई, तो शेरा नंतर कुणी मागे घेतला का हो?

—

नाही गं. सांगितलं मी कारण, "बरं झालं सुटलं" एवढंच म्हणाले.

—

फार वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे एका ज्युनिअरला याच कारणाने प्रोजेक्टवरून काढलं होतं. त्याचं पुढे चांगलं झालं, पण तेव्हा मी बोलायला हवं होतं.

—

पायथनवाले, लॉगिनची टोकनं बनवणारं जेडब्ल्यूटी नावाचं पॅकेज वेगळं आणि पायजेडब्ल्यूटी वेगळं, इम्पोर्ट मात्र दोन्ही जेडब्ल्यूटी याच नावाने होतात. दोन्ही असतील तर एकाच्या फायली दुसऱ्यावर चढतात. दोन्ही काढा, मग हवं ते एकच टाका. नुसतं एक काढून भागत नाही, सामायिक फायलीही जातात. दुसरं म्हणजे पायजेडब्ल्यूटी 2 पासून एन्कोड (टोकन बनवणारं फंक्शन) बाइट्स नाही, स्ट्रिंग देतं. आमच्या एका सर्व्हिसवर 1.7 होतं, तिथे टोकन स्ट्रिंगमध्ये घालताना पुढे 'बी' आणि अवतरणचिन्ह चिकटून जायचं. सर्व्हर म्हणायचा अवैध टोकन. बाळ उठलं, येते.

—

वरच्या ताई, बाळ किती महिन्यांचं? माझंही रात्री झोपत नाही, सगळं डीबगिंग पहाटे होतं आता.

—

सात. दात येताहेत.

—

लिनक्सवाल्यांनो, एलडीडीवर (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) विसंबू नका. प्लगइन म्हणून नंतर लोड होणारी लायब्ररी त्यात दिसत नाही. चालू प्रोसेसची प्रॉक फोल्डरमधली मॅप्स फाइल उघडा, लोड झालेल्या लायब्रऱ्या तिच्यात दिसतात, आणि त्यात एसएसएल (एन्क्रिप्शनची), जीएसएसएपीआय (केर्बेरॉस लॉगिनची) शोधा. आमच्या वेब सर्व्हरमध्ये एक मॉड्यूल एमआयटीची आणि दुसरं हाइमडालची, म्हणजे केर्बेरॉसच्याच दुसऱ्या एका अवताराची, लायब्ररी ओढत होतं. फंक्शनांची नावं तीच, आतली रचना वेगळी. कधी लॉगिन व्हायचं, कधी प्रोसेसच कोसळायची, मॉड्यूल कोणत्या क्रमाने लोड झालं त्यावर. हे तीन आठवडे चाललं. त्या काळात मी घरी कुणाशी धड बोललो नाही, बायकोने तेव्हा फार सांभाळून घेतलं.

—

एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल 3 आल्यावर आमचं एनटीएलएम (विंडोजची जुनी लॉगिन पद्धत) गेलं. त्याला लागणारं जुनं हॅश, एमडीफोर, लेगसी प्रोव्हायडर या वेगळ्या भागात टाकलंय, तो आपोआप लोड होत नाही. ज्या मशीनवर जुनी 1.1.1 होती तिथे तोच कोड बिनतक्रार चालायचा.

—

दादा, ती मॅप्स फाइल बघायला रूट (ॲडमिन अधिकार) लागतो का?

—

आपल्याच युजरची प्रोसेस असेल तर साधारण लागत नाही.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. हे वाचून आत्ता त्या मुलीच्या मशीनवर बसले होते. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टपुरत्या पॅकेजांच्या फोल्डरात) जेडब्ल्यूटी आणि पायजेडब्ल्यूटी दोन्ही निघाले. तिच्या टीम लीडला मीच मेल लिहितेय, की पासवर्ड पहिल्यापासून बरोबर होता.