नव्या घराचे नळकाम: पाइप भिंतीत गाडावेत की डक्टमध्ये ठेवावेत?

मूळ लेख (लोकमान्य नगर, इंदूर)

जुने घर पाडून दुमजली घर बांधण्याचे आमचे काम नकाशाच्या टप्प्यावर आहे. सगळे पाइप भिंतीत खाचा पाडून गाडावेत, म्हणजे काम स्वच्छ दिसते, असा ठेकेदाराचा आग्रह आहे. मला तो मान्य नाही. दोन्ही मजल्यांची न्हाणीघरे एकावर एक घ्यावीत, त्यांच्या पाठीमागे माणसाला आत उभे राहून काम करता येईल असा अडीच फुटांचा डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळ जागा) सोडावा, उभे पाइप आणि व्हॉल्व्ह त्यातच ठेवावेत आणि भिंतीत फक्त नळापर्यंत जाणारा छोटा तुकडा जावा, असे माझे मत आहे.

याचे मुख्य कारण आपली जमीन आहे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिचा पुरेसा विचार करून घातलेला नसेल तर भिंतींना बारीक तडे जातात आणि त्यात गाडलेल्या सांध्यांवर ताण येतो. गळती मात्र प्लास्टर फुगल्यावरच कळते आणि मग टाइल फोडाव्या लागतात. शिवाय बोरिंगच्या जड पाण्यातील क्षार व्हॉल्व्हमध्ये साचतात, त्यामुळे ते कधीतरी बदलावे लागणारच.

गिझरही नळांच्या जवळ हवा. पाऊण इंची पाइपाच्या दहा मीटर लांबीत सुमारे अडीच लिटर पाणी मावते आणि ते गार पाणी प्रत्येक वेळी वाहून जाते. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर अंतर चढवून आणलेले आणि अनेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळणारे नर्मदेचे पाणी असे वाया घालवणे मला पटत नाही.

प्रतिसाद (स्थापत्य अभियंता, विजय नगर)

आपली काळजी रास्त आहे, परंतु निष्कर्षाशी मी असहमत आहे. भिंतीतल्या पाइपांची भीती ही जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांच्या गंजामुळे बसलेली आहे. आयएस 15778 या भारतीय मानकाने प्रमाणित सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइप गंजत नाही; गळती होते ती बहुधा सांध्यात, कारण पाइप तिरका कापलेला असतो, सोल्व्हंट सिमेंट (सांधा जोडणारा चिकट द्राव) लावण्यापूर्वी तो पुसलेला नसतो किंवा सांधा पक्का होण्याआधीच पाणी सोडलेले असते. नळाच्या टोकाला पितळी आट्यांची फिटिंग न वापरणे हाही नेहमीचा दोष, कारण प्लास्टिकच्या आट्या जास्त आवळल्या की तडकतात. प्लास्टरपूर्वी कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तो काही तास टिकतो का हे गेजवर (दाबमापकावर) पाहावे आणि प्रत्येक भिंतीची मोजपट्टीसह छायाचित्रे काढून ठेवावीत. एवढे केले तर वीस फुटी भूखंडावर डक्टला जागा देण्याची गरज नाही. डक्टची निगाही कोणी राखत नाही. तो वरून उघडा राहिला तर उन्हाने सीपीव्हीसी ठिसूळ होते, आणि आत उंदरांचे घर होते ते वेगळेच.

मूळ लेखकाचे उत्तर

साहेब, दाबाची चाचणी आणि छायाचित्रे मी नकाशासोबतच्या करारात लिहून घेणार आहे. मात्र ती चाचणी त्या दिवसापुरता भरवसा देते. दहा वर्षांनी भिंत हलल्यावर काय होईल हे गेज सांगत नाही. डक्टला वरून झाकण व पत्र्याचे दार करता येते, आणि पाच फूट लांबीचा डक्ट जागा घेतो साडेबारा चौरस फुटांची. तेवढी जागा द्यायला मी तयार आहे.

प्रतिसाद (रामबाग)

दोघांनीही पाइप कुठून जावा यावर इतके लिहिले, परंतु त्यातून कोणते पाणी जावे हा प्रश्न राहूनच गेला. नर्मदेचे आणि बोरिंगचे पाणी एकाच टाकीत मिसळू नये असे माझे ठाम मत आहे. स्वयंपाकघर, वॉशबेसिन आणि गिझर यांना नर्मदेचे, तर फ्लश, अंगण आणि बागेला बोरिंगचे पाणी द्यावे. म्हणजे क्षार गिझरच्या कॉइलवर चढत नाहीत आणि मऊ पाणी फ्लशमध्ये जात नाही. बरेच प्लंबर दोन्ही पाइप एका व्हॉल्व्हने जोडून "गरजेला उघडा" असे सांगतात. असा व्हॉल्व्ह नीट बंद होईनासा झाला की एकाचे पाणी दुसऱ्यात शिरते. त्याहून घातक म्हणजे नळाच्या लाइनला थेट मोटार लावणे, कारण पुरवठा कमी झाला की ती बाहेरचे घाण पाणीही ओढून घेते. नर्मदेचे पाणी आधी हौदात घ्यावे आणि तेथूनच वर चढवावे.

प्रतिसाद (स्थापत्य अभियंता, विजय नगर)

ताई, दोन टाक्यांच्या आपल्या मुद्द्यापुढे माझा जागेचा हिशेब कमजोर पडतो, कारण चार उभे पाइप आणि दोन सांडपाण्याचे पाइप भिंतीत गाडणे शहाणपणाचे नाही. दोन पाण्यांच्या घरात डक्ट हवाच. एका पाण्याच्या लहान घराबाबत मात्र मी माझ्या मतावर कायम आहे. आणखी एक गोष्ट नकाशातच ठरवावी: पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो मिळतो, त्यामुळे गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा तीन मीटरच उंच असेल, तर तिथे मोठा शॉवर घेऊन उपयोग नाही. एकतर टाकीचा चौथरा उंच करावा लागेल, नाहीतर प्रेशर पंपाची तरतूद करावी लागेल, आणि स्लॅबच्या सळ्या ठरण्याआधीच चौथऱ्याचा भार संरचना अभियंत्याला कळवावा लागेल.