पिकअपचे रिव्हर्स सेन्सर मागे काही नसतानाही वाजतात – मदत हवी आहे

पिकअपच्या मागच्या स्टील बंपरमध्ये कंपनीने बसवलेले चार पार्किंग सेन्सर आहेत. रिव्हर्स टाकला की मागे मोकळी जागा असली तरी कधी सलग बीप वाजतो, तर कधी बीप न वाजता 'पार्क असिस्ट बंद' असा संदेश येतो. पावसात किंवा गाडी धुतल्यावर त्रास वाढतो, कोरड्यात कमी होतो. सेन्सर पुसून झाले, रिव्हर्सचे दिवे लागतात. टो हुक (ट्रेलर ओढायचा) बसवलेला आहे. चारही सेन्सर बदलावे लागतील का? मल्टिमीटर आहे, स्कॅनर मिळू शकेल.

प्रतिसाद १
चार सोडाच, इतक्यात एकही विकत घेऊ नका. तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी असू शकतात. सलग बीप म्हणजे सेन्सरला अगदी जवळून प्रतिध्वनी मिळतोय. संदेश म्हणजे मॉड्यूलला (सेन्सर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला) सर्किटमध्ये दोष दिसतोय. पाण्याशी संबंध आहे म्हटल्यावर माझा पहिला संशय बंपरखालच्या वायरिंगवर.

आधी हुकचा बॉल काढून बघा, तोच अडथळा म्हणून दिसू शकतो. मग हँडब्रेक ओढा, चाकांखाली ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा आणि रिव्हर्स टाका. प्रत्येक सेन्सरच्या तोंडावर बोट टेकवा. लहरी 40 किलोहर्ट्झच्या आसपासच्या, त्यामुळे कानाला ऐकू येत नाहीत, पण चालू सेन्सरची बारीक टिकटिक बोटाला जाणवते. जो गप्प, तो संशयित. दोषी ठरवायची घाई नको.

स्कॅनर पार्किंग मॉड्यूल वाचणारा हवा, फक्त इंजिनचे दोष-कोड दाखवणारा चालणार नाही. कोड कोणत्या सेन्सरचा आहे ते टिपा, कोड पुसा आणि तो सेन्सर शेजारच्याशी अदलाबदल करा. पार्ट नंबर मात्र जुळवून घ्या, कोपऱ्यातले सेन्सर कधीकधी वेगळे असतात. कोड सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर वायर किंवा कनेक्टर.

प्रतिसाद २
सेन्सर काढाल तेव्हा त्याच्या तोंडाभोवतीची सिलिकॉन रिंग नीट बघा. ती कडक झाली, फाटली किंवा नसलीच तर कंपनं बंपरच्या पत्र्यात उतरतात आणि सेन्सर स्वतःचाच थरथराट प्रतिध्वनी समजतो. रंगाचा जाड थरही असाच घात करतो. सेन्सर ढिला वाटला म्हणून सीलंट किंवा गोंद भरू नका.

प्रश्नकर्ता
बॉल काढून फरक नाही. उजवा आतला सेन्सर गप्प, बाकी तिघांची टिकटिक लागते. कोड उजव्या आतल्याचा, 'सर्किट ओपन'. डाव्या आतल्याशी बदलला, कोड उजवीकडेच राहिला. डाव्या आतल्याची रिंग मात्र चिरलेली निघाली.

प्रतिसाद १
मग रिंग बदला, सलग बीप बहुधा तिचाच. सेन्सर निर्दोष ठरला, आता वायरिंग.

अशा सेन्सरला साधारणपणे तीन वायर असतात: सप्लाय, अर्थ, सिग्नल. कनेक्टर जोडलेला ठेवून मागून, वायरच्या बाजूने, मल्टिमीटरचा प्रोब लावा. सुटा करून मोजलं तर गंजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते, लोड आल्यावरच तिचं बिंग फुटतं. सप्लाय किती व्होल्टचा, हे गाडीगणिक बदलतं, म्हणून चालू असलेल्या शेजारच्या सेन्सरशी ताडून बघा. सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यात 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थच्या वायरिंगमधला दोष शोधा.

सिग्नलसाठी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, सेन्सर आणि मॉड्यूल दोन्हीकडचे कनेक्टर सोडवा. वायरच्या दोन टोकांत 1 ओहमच्या आसपास यायला हवं. मोजताना हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत राहा, विशेषतः चासीतून बंपरकडे वळतो तिथे आणि हुकच्या ब्रॅकेटपाशी. हुक बसवताना वायर चिमटलेली असणं अगदी शक्य आहे.

वायरचं आवरण धड दिसलं म्हणून फसू नका. पाणी आत तारांमधून झिरपत जातं आणि तांबं काळं-हिरवं पडतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, तेवढा नवा तुकडा क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) जोडा आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. पीळ देऊन टेप गुंडाळणं बंपरखाली टिकत नाही. कनेक्टरच्या रबर सीलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि वायरला कनेक्टरच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी आत न जाता खाली ठिबकेल.

प्रतिसाद ३
सेन्सरचा कोड गेला आणि संदेश तरी राहिला, तर ट्रेलरचं सॉकेट उघडून बघा. पिनांवर गंज किंवा ओल असली की काही गाड्यांत मॉड्यूलला ट्रेलर जोडलाय असं वाटतं आणि ते मागचे सेन्सर मुद्दाम बंद करतं.

शेवटची चाचणी बंपरखाली पाणी मारून घ्या. सात-आठ सेंटीमीटर जाडीचा प्लॅस्टिक पाइप उभा धरून बंपरपासून साधारण 1 मीटरवर डावीकडून उजवीकडे न्या. पाइप समोर आल्यावर प्रत्येक सेन्सरने बीप द्यायला हवा.